सायबरपंक २०७७ पीसीवर आत्ताच बुक करावा की थांबावं?

निफाडकर · २४ नोव्हेंबर २०२०, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. चार दिवस हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी धागा काढतोय.

सायबरपंक २०७७ हा गेम आता १० डिसेंबरला येणार आहे. आधी १६ एप्रिल सांगितली होती, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) किंमत २,९९९ रुपये. लॉकडाऊनमध्ये दोन मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेतल्या, त्यातले तीन हजार मी याच कामासाठी बाजूला ठेवलेत. घरी मागायचे नाहीत, पण हे गेले तर दुसरे तीन हजार उन्हाळ्याआधी यायचे नाहीत.

माझं मशीन: प्रोसेसर आय३-१०१००, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (४ जीबी), रॅम ८ जीबी, १ टीबीची साधी हार्ड डिस्क. मॉनिटर १०८०पीचा. परवा २० तारखेला सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं गेमसाठी कसं मशीन लागेल याचा नवा तक्ता दिलाय. त्यात 'लो'साठी जीटीएक्स ७८० आणि ८ जीबी रॅम, तर 'हाय'साठी जीटीएक्स १०६० (६ जीबी), १२ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क). मी बरोबर या दोन ओळींच्या मधे येतो.

विचर ३ मी याच वर्षी एप्रिल-मेमध्ये पूर्ण केला. ब्लडी बॅरनचा भाग संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि झोप लागेना, म्हणून गच्चीवर जाऊन बसलो. गेम असं काही करू शकतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्याच लोकांचा हा पुढचा गेम. पुण्यातला मित्र आणि मी, आम्ही जूनपासून ठरवलंय की पहिल्या दिवशी दोघांनी एकदम सुरू करायचा आणि रोज रात्री फोनवर बोलायचं. त्यानं बुक केलाही.

तर काय करू? ज्यांनी आधी बुकिंग केलंय त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला तर बरं होईल.

कोल्हापूरचा शिवा · २४ नोव्हेंबर २०२०, रात्री ११:४२

घे की भावा, विचार कसला करतोस! मी जूनमध्येच घेऊन ठेवलाय. विचर ३ ला या लोकांनी १६ छोटे डीएलसी (गेममध्ये नंतर जोडायचे जादा भाग) फुकट दिले होते. दुसरी कंपनी त्यातल्या प्रत्येकाचे पैसे लावते. 'ब्लड अँड वाइन' तर अख्खा नवा गेम होता. असं काम करणाऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

आणि स्टीमवर रिफंड आहेच. गेम यायच्या आधी कधीही रद्द कर, पूर्ण पैसे परत. आल्यावरही १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर परत. धोका कुठं आहे सांग.

रात्रपाळी · २५ नोव्हेंबर २०२०, सकाळी ६:३५

शिफ्ट संपवून घरी आलोय, झोपायच्या आधी लिहितो. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. गेम्सचं नाही, पण रिलीजची गडबड सगळीकडे सारखीच असते.

निफाडकर, आधी एक साधी गोष्ट बघ. प्री-ऑर्डर ही पद्धत आली दुकानातून. डिस्कच्या पन्नास प्रती येणार, गिऱ्हाईक सत्तर, म्हणून आधी नाव लावून ठेवायचं. स्टीमवर माल संपत नाही. १० डिसेंबरला पहाटे घे, नाहीतर २० ला घे, तोच गेम तेवढ्याच पैशांत मिळतो. संगीत, आर्टबुक, वॉलपेपर वगैरे जे दाखवतायत ते प्रत्येक प्रतीबरोबर आहे, आधी घेणाऱ्याला त्यात वेगळं काही नाही. मिळतं ते एकच, प्रीलोड. म्हणजे गेम आधी उतरवून ठेवता येतो.

आता तारखांबद्दल. ५ ऑक्टोबरला कंपनीनं जाहीर केलं, गेम 'गोल्ड' झाला. पूर्वी गोल्ड म्हणजे मास्टर डिस्क छापायला गेली, काम संपलं. आणि २७ ऑक्टोबरला २१ दिवसांनी पुढे ढकलला. त्याच पत्रात लिहिलंय की एकाच वेळी नऊ आवृत्त्या तयार कराव्या लागतायत, जुने कन्सोल, नवे कन्सोल, पीसी, स्टेडिया, सगळं धरून. गोल्डनंतर तारीख हलते याचा अर्थ पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) खूप काही यायचं आहे. टेस्टर म्हणून मला ते वाक्य वाचून पोटात गोळा आला. सप्टेंबरच्या अखेरीस बातमी होती की तिथं सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा केलाय. थकलेल्या माणसाच्या नजरेतून बग सुटतात. मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय, त्यामुळे मला त्या लोकांचं वाईट वाटतं आणि त्यांच्या गेमची काळजीही वाटते.

माझं मत: थांब. कायमचं नको, फक्त पंधरा दिवस.

मंजिरी ठाणे · २५ नोव्हेंबर २०२०, दुपारी १:२०

शिवा, रिफंडचे दोन तास ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ते कशात जातात ते बघ. गेम चालू असलेला प्रत्येक मिनिट मोजला जातो. मेनू उघडा ठेवून तू जेवायला गेलास तरी घड्याळ चालूच. मध्यम मशीनवाला माणूस पहिला तास सेटिंगमध्येच घालवतो. सावल्या कमी कर, गर्दी कमी कर, परत चालू कर, परत बघ. मग पात्र बनवण्यात वीस-पंचवीस मिनिटं. राहिलं काय? मोठ्या शहराचे गेम सुरुवातीला बंद खोल्यांमध्ये, अरुंद गल्ल्यांमध्ये फिरवतात. खरी परीक्षा भरचौकात गाडी चालवताना होते, आणि तिथे पोचेपर्यंत दोन तास संपलेले असतात.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मात्र फेब्रुवारीपासून रिफंडचा ३० दिवसांचा नियम आहे, खेळला असला तरी. घ्यायचाच असेल तर तिथला विचार कर. ते दुकान याच कंपनीच्या घरातलं आहे आणि तिथल्या गेमवर डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) नसतं.

आता तुझ्या मशीनबद्दल. तुझी अडचण कार्डाच्याही आधी ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क ही आहे. विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड मिळूनच तीन-साडेतीन जीबी खातात. भरधाव गाडी चालवताना पुढचा रस्ता डिस्कवरून यायचा असतो. तो वेळेत आला नाही की गेम क्षणभर थांबतो, ते अडखळणं कुठल्याही सेटिंगने जात नाही. ८ जीबीची आणखी एक रॅम आज अडीच ते तीन हजारांत मिळते.

म्हणजे तुझ्या हातात आज गेम आणि रॅम यांतलं एकच आहे.

निफाडकर · २५ नोव्हेंबर २०२०, सायंकाळी ५:०५

मंजिरीताई, शेवटची ओळ वाचून गप्पच झालो. मी या बाजूनं विचारच केला नव्हता. माझ्या डोक्यात गेमचे पैसे वेगळे आणि मशीनचे वेगळे होते.

रात्रपाळी दादा, प्रीलोडचं मात्र मला महत्त्व आहे. आमच्याकडे केबलवाल्याचं नेट आहे, दिवसा जेमतेम चालतं, रात्री बारानंतर वेग येतो. ७० जीबी म्हणजे तीन रात्री. आणि मधे लाइट गेली तर चार.

मांडवीकाठ · २५ नोव्हेंबर २०२०, रात्री ९:१५

पणजीहून लिहितो. वय ४६, मुलगा दहावीत, आम्ही दोघं मिळून खेळतो. सगळे हिशेब मांडतायत, ते बरोबरच आहे. पण मी दुसरी बाजू मांडतो.

सिनेमा पहिल्या दिवशी बघणारा माणूस आणि दोन महिन्यांनी टीव्हीवर बघणारा माणूस एकच सिनेमा बघतात, तरी दोघांना मिळतं ते एक नसतं. पहिल्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नसतं. सगळे मिळून वाट शोधत असतात. तू मित्राबरोबर रोज रात्री बोलायचं ठरवलंयस, त्याला किंमत आहे. मी कॉलेजात असताना चौघांनी पैसे काढून एक सीडी आणली होती आणि पाळीपाळीने खेळलो होतो. गेम आता आठवत नाही, पण ते चौघे, ती खोली, खिडकीबाहेरचा पाऊस, सगळं आठवतं.

एक इशारा मात्र देतो. स्वस्तात मिळते म्हणून भलत्याच साइटवरून 'की' (गेम उघडायचा कोड) घेऊ नकोस. मी एकदा घेतली, निम्म्या किमतीत. गेम खात्यात आला आणि तीन आठवड्यांनी निघून गेला. की चोरीच्या कार्डावर विकत घेतलेली होती. पैसे परत मागायला दारच नव्हतं. दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही, अशी कितीतरी आहेत.

राइनकिनारी · २६ नोव्हेंबर २०२०, मध्यरात्र १२:५०

जर्मनीतून. इथे हाच गेम ६० युरोंना आहे, म्हणजे आजच्या दरानं पाच हजारांच्या वर. स्टीमनं २०१५ च्या अखेरीस रुपयांत किमती सुरू केल्या, त्याचा हा फायदा तुम्हाला मिळतोय. माझा चुलतभाऊ म्हणत होता, तू मला तिकडून गिफ्ट पाठव. तसं आता जमत नाही, दोन देशांच्या किमतींत फार फरक असला की स्टीम गिफ्ट अडवतं. आपापल्या देशातच घ्या.

निर्णयाबद्दल: मी पहिल्या दिवशी घेणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये बॅटमॅन आर्कम नाइट पीसीवर आला तेव्हाची आठवण अजून ताजी आहे. एक-दोन दिवसांत प्रकाशकाला पीसीची विक्रीच थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. कन्सोलवर तोच गेम उत्तम होता आणि बनवणारा स्टुडिओ नावाजलेला होता. पीसी आवृत्ती बाहेरच्या छोट्या टीमकडे दिली होती, हे लोकांना नंतर कळलं.

कोल्हापूरचा शिवा · २६ नोव्हेंबर २०२०, सकाळी १०:३०

आर्कम नाइट आणि हे वेगळं आहे. हे लोक मुळात पीसीवाले. पहिला विचर २००७ मध्ये पीसीवरच आला होता. यांचा जीव पीसीतच आहे, कच्चं राहिलं तर ते जुन्या कन्सोलवर राहील. हे माझे शब्द लक्षात ठेवा.

रात्रपाळी · २६ नोव्हेंबर २०२०, सायंकाळी ७:१०

शिवा, तुझा हा मुद्दा मला पटतो. साध्या पीएस४ किंवा एक्सबॉक्स वनवर चालणारा एकही सलग व्हिडिओ कंपनीनं दाखवलेला नाही, दाखवतायत ते त्यांच्या जास्त ताकदीच्या आवृत्त्यांवरचं, नव्या कन्सोलवरचं, नाहीतर चांगल्या पीसीवरचं. पण त्यातलाही 'चांगला पीसी' म्हणजे निफाडकरचा पीसी नव्हे. त्याच्यासारख्या मशीनवरचा एक व्हिडिओ आल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

निफाडकर · २८ नोव्हेंबर २०२०, रात्री १०:००

काल मित्राला फोन केला आणि खरं सांगितलं. तो म्हणाला, "तू रॅम घे. मी खेळतो, तुला सांगत नाही काही. तू आलास की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन."

आज नाशिकला जाऊन रॅम घेऊन आलो. २,७०० ला पडली. बसवली. विचर ३ लावून नोव्हिग्राडच्या बाजारातून घोडा पळवला, आधी जिथं हमखास थांबायचा तिथं आता थांबला नाही. बुकिंग करत नाहीये. पण धागा बंद करू नका, १० तारखेपर्यंत बोलत राहू.

मंजिरी ठाणे · ८ डिसेंबर २०२०, सकाळी ९:४०

काल रात्री परीक्षणं आली. गुण भरपूर दिलेत, बऱ्याच ठिकाणी दहापैकी नऊ. पण दोन गोष्टी नीट वाचा. सगळ्यांना फक्त पीसीची प्रत दिली होती. आणि स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायला मनाई होती, कंपनीनं दिलेलेच तुकडे वापरायचे होते. म्हणजे एवढं सगळं लिहून आलं तरी प्रत्यक्ष चालतो कसा हे आपण अजून पाहिलेलं नाही. कुणाच्या घरी पीएस४ असेल आणि भाऊ-बहिणीनं बुक केला असेल, तर त्यांना आजच रद्द करायला सांगा.

कोल्हापूरचा शिवा · १० डिसेंबर २०२०, दुपारी ३:२५

पहाटे साडेपाचला गेम उघडला. आई चहा घेऊन आली तेव्हा कळलं की उजाडलं. मंडळी, नाइट सिटी बघून डोळे भरले. लिफ्टमधून खाली येऊन पहिल्यांदा रस्त्यावर पाय ठेवतो तो क्षण मी विसरणार नाही. माझं कार्ड आरटीएक्स २०६० आहे, मध्यम सेटिंगवर चांगला चाललाय. एकट्या स्टीमवर दहा लाखांहून जास्त लोक एकाच वेळी खेळतायत!

निफाडकर, तुझ्यासाठी १६५० वरचे व्हिडिओ शोधून ठेवतो.

रात्रपाळी · १८ डिसेंबर २०२०, सायंकाळी ६:००

बातमी पाहिली असेलच. सोनीनं प्लेस्टेशन स्टोअरवरून गेम काढून टाकला आणि ज्यांना हवेत त्यांना पैसे परत देतायत. सोमवारी कंपनीनं माफी मागितली, जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे आधी दाखवायला हवं होतं असं त्यांनीच लिहिलं.

शिवा, तुझे शब्द लक्षात आहेत. पीसीची अवस्था तुलनेनं खूप बरी. तरी बगांची यादी पीसीवरही लांब आहे.

मंजिरी ठाणे · २४ डिसेंबर २०२०, सकाळी ११:१५

पीसीवाल्यांसाठी महत्त्वाचं: सेव्ह फाइल (आपण गेममध्ये कुठवर आलो ते साठवणारी) ८ एमबीच्या वर गेली की ती खराब होत होती. वस्तू खूप बनवणाऱ्या, खूप साठवणाऱ्या लोकांना त्याचा फटका बसला. कालच्या १.०६ पॅचनं ती मर्यादा काढली, पण आधी खराब झालेली फाइल परत येत नाही. ज्यांनी अजून पॅच घेतला नसेल त्यांनी आजच घ्या.

बुकिंगबद्दल आणखी एक आकडा सांगते. गेम यायच्या आधीच ८० लाख प्रती बुक झाल्या होत्या, आणि डिजिटल बुकिंगमधून येणाऱ्या पैशांतून गेम बनवण्याचा सगळा खर्च आणि या वर्षीचा जाहिरातीचा खर्च निघाला, असं कंपनीनंच सांगितलं. मला हे वाचून काय वाटलं ते सांगते. तयार करणाऱ्या माणसांना आणखी सहा महिने हवे होते, हे आता सगळ्यांना दिसतंय. पण खर्च आधीच निघालाय आणि ८० लाख गिऱ्हाईकं दारात उभी आहेत, अशा वेळी 'अजून थांबा' म्हणणाऱ्याचं त्या बैठकीत कोण ऐकणार? आपण आधी दिलेला प्रत्येक रुपया त्या घाईच्या बाजूनं जातो. बनवणाऱ्यांवर प्रेम असेल तर त्यांना वेळ मिळू द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरचा शिवा · २४ डिसेंबर २०२०, रात्री ८:५०

ताई, तुमचं बरोबर आहे. मला माझ्या तीन हजारांचा पश्चात्ताप नाही, ९० तास झाले, गेममधला जॅकी वेल्स माझा भाऊच झालाय. पण पीएस४ वाल्या माझ्या आतेभावाला मीच "घे की भावा" म्हणालो होतो. त्याचं मला फार लागलंय. त्याचे पैसे परत मिळाले, तरी त्यानं सहा महिने वाट बघितली होती ती कोण भरून देणार? पुढे कुणाला सांगताना त्याचं मशीन आधी विचारीन.

निफाडकर · २८ नोव्हेंबर २०२१, रात्री ११:३०

बरोबर एक वर्षानं धागा वर काढतोय.

स्टीमच्या सेलमध्ये गेम अर्ध्या किमतीला आला आणि मी घेतला. दीड हजार. रॅम १६ जीबी, कार्ड तेच. लो-मिडियम सेटिंग मिसळून सेकंदाला तीस फ्रेमच्या (चित्रांच्या) वर राहतो. शहरात वेगात गेलो की हार्ड डिस्क मागे पडते, इमारती उशिरा उगवतात, ती माझ्या डिस्कची गोष्ट. गोष्ट मात्र तशीच्या तशी मिळाली. मित्रानं वचन पाळलं, खरोखर पहिल्यापासून सुरू केला. रोज रात्री साडेदहाला फोन. काल हाइस्टचा भाग संपला आणि आम्ही दोघंही दोन मिनिटं काही बोललो नाही.

मांडवीकाठ · २९ नोव्हेंबर २०२१, सकाळी ७:२०

हे वाचून फार बरं वाटलं, बाळा. मुलाला वाचून दाखवलं.

राइनकिनारी · २३ सप्टेंबर २०२३, रात्री १:१०

ज्यांच्याकडे जुनं मशीन आहे त्यांनी परवाचा २.० पॅच टाकण्याआधी नवा तक्ता बघा. आता किमान अपेक्षाच जीटीएक्स १०६०, १२ जीबी रॅम आणि एसएसडी अशी आहे. साध्या हार्ड डिस्कला आधार नाही. गेम मात्र ओळखू येणार नाही इतका सुधारलाय. पोलीस, गाडीतून लढाई, कौशल्यांची सगळी झाडं नव्यानं लिहिलीत. मंगळवारी 'फँटम लिबर्टी' येतोय. मी पहिल्यांदाच आत्ता घेतला, तीन वर्षांनी.

निफाडकर · २३ सप्टेंबर २०२३, सकाळी ८:००

एसएसडी गेल्या दिवाळीत बसवली. नोकरी लागली, नाशिकलाच. आज रात्री नव्यानं सुरू करतोय.

सिन्नरकर_१९ · ६ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:२५

दादा-ताई, हा अख्खा धागा एका बैठकीत वाचला. माझाही तसाच प्रश्न आहे, म्हणून नवा धागा न काढता इथंच विचारतो.

मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स २८ फेब्रुवारीला येतोय. माझ्याकडे जीटीएक्स १६६० सुपर, रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, एसएसडी. कार्डाच्या किमान ओळीत १६६० आहे, म्हणजे मी आत बसतो. आधी बुक केलं तर गिल्ड नाइटचा पोशाख मिळतोय. कॉलेजातले तिघं घेतायत, चौघांची टोळी होईल. बुक करू का?

निफाडकर · ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:४५

सिन्नरकर, तुझी पोस्ट वाचून मला २०२० चा मीच दिसलो.

किमान ओळ नीट वाच. तिथं लिहिलंय 'सर्वांत खालच्या सेटिंगला ३० फ्रेम', आणि तेही ७२० चं चित्र ताणून १०८० केलेलं. त्यापुढच्या ओळीत ६० फ्रेम लिहिलेत ते फ्रेम जनरेशन धरून. म्हणजे मधली फ्रेम कार्ड स्वतः बनवून घालतं. आकडा वाढतो, पण तू बटण दाबल्यावर शिकारी हलायला लागणारा वेळ कमी होत नाही. ज्या गेममध्ये राक्षसाची शेपटी फिरताना बघून त्याच क्षणी उडी मारायची असते, तिथं हे जाणवतं.

पण तुझं नशीब आमच्यापेक्षा चांगलं आहे. परवा ५ तारखेला त्यांनी बेंचमार्कच (आपल्या मशीनवर गेम कसा चालेल ते मोजणारा प्रोग्रॅम) फुकट दिलाय, स्टीमवर. आम्ही १६५० चा एक व्हिडिओ मिळेना म्हणून पंधरा दिवस तळमळलो होतो. तू स्वतःच्या मशीनवर स्वतः बघू शकतोस. पहिल्यांदा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार व्हायला वेळ लागेल, मधे बंद करू नकोस. आणि शेवटी जो सरासरी आकडा येतो त्यावर जाऊ नकोस, त्यात कथेची दृश्यं खूप आहेत आणि ती हलकी असतात. मोकळ्या गवताळ भागातून प्राण्यांचे कळप दिसतात तिथं कोपऱ्यातला आकडा कागदावर लिहून घे.

मंजिरी ठाणे · ७ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२:३०

एक भर घालते. गेल्या वर्षी एप्रिलपासून स्टीमनं रिफंडचा नियम बदललाय. महागडी आवृत्ती घेऊन दोन-तीन दिवस आधी खेळायला मिळतो ना, तो वेळही आता त्याच दोन तासांत धरतात. या गेमला तो प्रकार नाही, पण पुढे कधी घेशील तेव्हा लक्षात असू दे. पोशाख दिसण्यापुरता आहे, त्यानं शिकार सोपी होत नाही.

सिन्नरकर_१९ · ८ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:५०

चालवला. सरासरी ४४ आली आणि मी खूश झालो. मग दादांनी सांगितलं तसं गवताळ भागात बघितलं. तिथं २७-२८. सेटिंग सगळी खाली होती. फ्रेम जनरेशन लावल्यावर आकडा वाढला पण चित्र चिखलासारखं झालं.

तिघांना सांगितलं की मी २८ तारखेला नाही येत. एक जण म्हणाला, मग चौथी जागा रिकामी ठेवतो, तू कार्ड घेतलंस की ये. जुनं १६६० विकून आणि मेमधल्या इंटर्नशिपचे पैसे घालून नवं कार्ड घेईन म्हणतो. कोणतं घ्यावं?

कोल्हापूरचा शिवा · ८ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:०५

आधी सांग भावा, पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे आणि कॅबिनेट केवढं? फोटो टाक, मग बोलू.